ऐकले, हे कशावरून?



१३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्‌झ हा जेमतेम दोन किलोहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा २००७ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी रेडिओवाल्यांना दिला. हक्क दुय्यम, आणि अट अशी की प्रक्षेपित शक्ती एका वॅटच्या वर जाता कामा नये. मोबाइलचा साधा चार्जरही याहून कैकपट वीज घेतो. तरीही या पट्ट्यातले संकेत अटलांटिक ओलांडून गेले आहेत. न्यूझीलंड आणि व्लादिवोस्टॉक यांच्यात, म्हणजे दहा हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण झाली आहे. या पराक्रमाचे कौतुक त्या क्षेत्रातली मंडळी करतातच, त्यात मी भर घालणार नाही. माझा प्रश्न थोडा खडूस आहे: ऐकले म्हणता, ते कशावरून? आणि त्याला माझे उत्तर असे की, क्षीण संकेत मिळाल्याचा दावा तोलताना यंत्र किती नाजूक होते, कान किती तयार होता, हे नंतर पाहावे. मिळालेल्या मजकुरातला किती भाग ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक नव्हता, हे आधी विचारावे. दीर्घलहरींवरच्या हौशी लोकांनी तत्त्वचर्चा फारशी न करता, निव्वळ अडचणीपोटी, हा निकष इतका स्वच्छ करून ठेवला आहे की जुन्या दाव्यांकडेही त्यातून नव्याने पाहता येते.

सुरुवात सर्वांत प्रसिद्ध दाव्यापासूनच करू. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने पतंगाच्या जोरावर एक तार आभाळात उभी केली आणि टेलिफोनचा श्रवणी कानाला लावला. सुमारे ३,४०० किलोमीटरवरच्या कॉर्नवॉलमधून, पोल्डूच्या केंद्रावरून, ठरल्या वेळी ठरलेले एकच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवले जात होते: ‘एस’, तीन टिंबे. मार्कोनीला ती टिंबे ऐकू आली. त्याने श्रवणी सहायक केम्पच्या हाती दिला आणि केम्पलाही ती ऐकू आली. कागदी फितीवर काहीच उमटले नाही, कारण फीत चालवण्याइतका जोर संकेतात नव्हता. तिसरा, तटस्थ साक्षीदार नव्हता. वेळ भर दुपारची होती, आणि आता आपल्याला माहीत आहे की मध्यम लहरी दिवसा आयनांबराच्या सर्वांत खालच्या थरात, ज्याला ‘डी’ थर म्हणतात त्यात, शोषल्या जातात. तरंगलांबी नेमकी किती होती यावरसुद्धा अभ्यासकांचे एकमत नाही. मार्कोनी खोटे बोलला असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला आधारही नाही. पण दूरच्या विजांची खरखर टिकटिकतच येते, आणि तीन टिक ऐकण्यासाठी टपून बसलेल्या माणसाला त्या खरखरीत तीन टिक सापडणे मुळीच अवघड नाही. कोणते अक्षर, कोणत्या वेळी, कुठून येणार हे सगळे त्याला आधी माहीत होते. त्या ‘एस’मध्ये नवी माहिती शून्याच्या जवळपास होती. (मार्कोनीने वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकाची मूळ कल्पना जगदीशचंद्र बसूंची, हा वाद आपल्याकडे आवडीने चघळला जातो. तो महत्त्वाचा आहे, पण आजच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. ग्राहक कुणाचाही असो, ‘एस’ तेवढाच राहतो.)

टीका झाली आणि मार्कोनीने तिला दिलेले उत्तर मला त्या मूळ प्रयोगापेक्षा मोठे वाटते. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९०२ मध्ये, ‘फिलाडेल्फिया’ जहाजावरून तो पश्चिमेकडे निघाला, तेव्हा संकेत फितीवर उतरवले गेले आणि जहाजाच्या कप्तानाने त्यावर सही केली. पूर्ण वाचता येणारे संदेश सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत मिळाले, नुसते ‘एस’ जवळजवळ ३,४०० किलोमीटरपर्यंत, आणि हे सगळे रात्री. दिवसा मजल होती ११०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ज्या प्रवासाने मार्कोनीची बाजू सावरली, त्यानेच डिसेंबरमधल्या भर दुपारच्या दाव्यावर प्रश्नचिन्हही उभे केले. अर्थात जहाजावरचा ग्राहक वेगळा होता, तार वेगळी होती, तेव्हा एवढ्यावरून निकाल लावणे घाईचे होईल. मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. संदेश २,५०० पर्यंत आणि ‘एस’ ३,४०० पर्यंत, हे दोन आकडे त्या नोंदीत वेगळे ठेवले गेले. ऐकण्याच्या दोन प्रती असतात, ही जाणीव त्या भेदात आहे.

वीस वर्षांनी हौशी लोकांनी हीच जाणीव नियमात बांधली. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकलले होते; लांब लहरी कामाच्या, आखूड लहरी टाकाऊ, हा तेव्हाचा समज. आपल्याकडच्या योजनाही त्याच समजावर आखल्या जात होत्या. ब्रिटिश साम्राज्याची बिनतारी साखळी १९१३ मध्ये ठरली तेव्हा तिच्यातले हिंदुस्थानचे केंद्र पुण्याला दीर्घलहरींवर व्हायचे होते, आणि १९२७ मध्ये खडकी आणि दौंड इथून जी सेवा प्रत्यक्षात सुरू झाली ती लघुलहरींवर. मधल्या काळात त्या टाकाऊ लहरींची किंमत हौशींनी दाखवून दिली होती. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी संघटनेने पॉल गॉडली याला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसनला, ग्राहक घेऊन पाठवले. त्या चाचण्यांची आखणी पाहण्यासारखी आहे. निवडलेल्या केंद्रांना वेळा नेमून दिल्या होत्या आणि गुप्त अक्षरगट दिले होते. मार्कोनी कंपनीचा एक माणूस साक्षीदार म्हणून गॉडलीच्या शेजारी बसवला होता. आणि कनेटिकटमधल्या १बीसीजी या केंद्राकडून शेवटी एक आख्खा मजकूर आला, अभिनंदनाचा, खाली सह्यांची नावे असलेला. तो मजकूर गॉडलीला कल्पनेने रचता आला नसता. १९०१ चा ‘एस’ आणि १९२१ चा हा मजकूर यांच्यात ग्राहक सुधारले हे खरेच, पण पुरावा सुधारला तो अक्षरे गुप्त ठेवल्यामुळे.

आता दीर्घलहरींकडे परत. युरोपात १९९७ च्या शिफारशीनंतर एकेका देशाने १३६ किलोहर्ट्‌झचा पट्टा उघडला, अमेरिकेत मात्र २०१७ उजाडावे लागले. ब्रिटनने तर त्याआधीच, १९९६ मध्ये, ७३ किलोहर्ट्‌झवर परवाने दिले होते. ज्यांनी या लहरींवर पाऊल ठेवले त्यांची पंचाईत आकड्यांतच कळते. १३६ किलोहर्ट्‌झची तरंगलांबी २,२०० मीटर. पाव लांबीचा खांब म्हणजे ५५० मीटर उंच. घराच्या अंगणात दहा-पंधरा मीटरचा खांब आणि वर आडव्या तारा, यापलीकडे कुणाची मजल जात नाही. प्रभावी उंची १० मीटर धरली, तर अशा एरियलचा प्रक्षेपण-रोध ०.०३ ओहमच्या आसपास निघतो. याउलट जमीन, झाडे आणि जोडलेली गुंडाळी यांत वाया जाणारा रोध सहज ५०-६० ओहमचा. म्हणजे हजार वॅट ओतावेत तेव्हा कुठे अर्धा वॅट आकाशात निघतो. बाकी सगळे गांडुळांना ऊब देण्यात जाते. एरियल सुरात आणायला चार-पाच मिलिहेन्रीची, पिंपाएवढी गुंडाळी लागते आणि तिच्या टोकाला दहा-पंधरा हजार व्होल्ट उभे राहतात. कायद्याची एक वॅटची मर्यादा ऐकायला जाचक वाटते. बहुतेकांना ती गाठण्यासाठीच धडपडावे लागते.

पाठवणाऱ्या टोकाला जे जमत नाही ते ऐकणाऱ्या टोकाला भरून काढावे लागते, आणि तिथे यंत्राची संवेदनशीलता कामाला येत नाही. या वारंवारतेवर खरखर बाहेरूनच येते: जगभरच्या विजांची, आणि अलीकडे शेजारच्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरांची. ग्राहक कितीही चांगला घ्या, खरखरही तेवढीच चांगली ऐकू येईल. एकच उपाय उरतो, तो म्हणजे सावकाशी. खरखरीची शक्ती आपण जेवढी रुंदी ऐकतो तेवढ्या प्रमाणात आत येते. रुंदी कमी करायची तर संकेताचा वेगही तेवढाच कमी करावा लागतो. साध्या मोर्समध्ये मिनिटाला बारा शब्दांच्या गतीने एक टिंब सेकंदाचा दहावा भाग टिकते. तेच टिंब एक मिनिट ताणले की रुंदी ६०० पटींनी अरुंद होते आणि खरखर ६०० पटींनी, म्हणजे जवळजवळ २८ डेसिबलने, खाली जाते. किंमत अशी की एक कॉलसाइन, म्हणजे केंद्राचे ओळखनाव, पाठवायला तास उलटून जातो. या पद्धतीला क्यूआरएसएस म्हणतात. ‘हळू पाठवा’ असे सांगणाऱ्या जुन्या तारसंकेताला जोडलेले एक जास्तीचे ‘एस’. इतके हळू जाणे लघुलहरींवर जमत नाही. तिथे परावर्तक थर हलत असतो आणि संकेताची वारंवारता हर्ट्‌झच्या अंशाने, कधी पूर्ण हर्ट्‌झने पसरते. १३६ किलोहर्ट्‌झची लहर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरून परतते, तिच्या दोन किलोमीटरच्या लांबीपुढे थराची हालचाल किरकोळ ठरते. शिवाय दोलकाची दशलक्षात एक अशी चूक १४ मेगाहर्ट्‌झवर १४ हर्ट्‌झ होते, इथे एका हर्ट्‌झचा सातवा हिस्सा. ज्या लहरीने खांबाच्या बाबतीत छळले, तीच वेळेच्या बाबतीत उदार आहे.

मिनिटभर लांबीचे टिंब कानाला ऐकू येत नाही. ते संगणकाच्या पडद्यावर, वर्णपटाच्या हळूहळू सरकणाऱ्या पट्टीत, फिकट रेघ म्हणून दिसते आणि डोळ्याने वाचावे लागते. इथेच १९०१ चा प्रश्न पुन्हा उभा राहतो, कारण डोळा कानापेक्षा कमी लबाड नाही. आज रात्री कॅनडातून कोण पाठवणार हे आधी ठाऊक असेल, तर खरखरीच्या ठिपक्यांत त्याच्या कॉलसाइनचे तुकडे दिसू लागतात. यावर हौशींनी जे नियम पाळले ते चंद्रावरून परावर्तित संकेतांच्या क्षेत्रातून आले. रेडिओवरची भेट पूर्ण झाली असे केव्हा म्हणायचे? दोघांनी एकमेकांची कॉलसाइन घेतली, एकमेकांना संकेताच्या जोराचा शेरा दिला आणि तो पोचल्याची पावती दिली, तर. शेऱ्यासाठी ‘टी’, ‘एम’ आणि ‘ओ’ ही अक्षरे घेतली. मोर्समध्ये ती अनुक्रमे एक, दोन आणि तीन रेघांची, म्हणजे तुटक रेघांच्या गर्दीतही ओळखू येणारी. शेरा काय येणार हे ऐकणाऱ्याला आधी माहीत नसते. तीन पर्यायांतला एक, एवढीच ती नवी माहिती. पण सगळ्या देवाणघेवाणीचा पुरावा त्या चिमूटभर अज्ञातावर उभा असतो. २००१ मध्ये इंग्लंड आणि कॅनडा यांच्यात १३६ किलोहर्ट्‌झवर पहिली दुतर्फा हौशी भेट झाली तेव्हा ती एका रात्रीत आटोपली नाही. तिची खातरी पटते ती उभयतांनी न ठाऊक असलेली अक्षरे घेतली म्हणून.

डोळ्याला हटवून मोजणीला पुढे आणले ते जोसेफ टेलर यांनी. १९७४ मध्ये रसेल हल्स यांच्यासह आरेसिबोच्या दुर्बिणीवर त्यांनी जोडगोळीतला पल्सार शोधला आणि १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल दोघांना मिळाले. पल्सार शोधणे म्हणजे खरखरीत गाडलेली नियमित स्पंदने बेरीज करून वर काढणे. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना ही रीत परकी नाही. तीच रीत हौशी रेडिओत आणून टेलर यांनी २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर ही पद्धत दिली. तिचा एक संदेश ११० सेकंद चालतो, साधारण सहा हर्ट्‌झ रुंदी घेतो आणि त्यात बरोबर ५० बिट असतात: कॉलसाइनसाठी २८, ठिकाणासाठी १५, शक्तीसाठी ७. आता ‘मला वाटते ऐकले’ असे म्हणायची सोयच उरली नाही. संगणक एकतर पन्नास बिट देतो किंवा काहीच देत नाही. पण इथे एक फट राहिली. या पद्धतीत संदेशाला पडताळणीचे वेगळे बिट नाहीत, त्यामुळे कधीकधी खरखरीतूनच एक दिसायला नीटस संदेश निघतो: जगात नसलेले कॉलसाइन, भर समुद्रातले ठिकाण. असा बोगस संदेश विचित्र असतो म्हणून पकडला जातो. पण विचित्र न दिसणारा बोगस संदेश पकडायचा कसा? २०२१ मध्ये दीर्घलहरींसाठी खास आलेल्या एफएसटी४डब्ल्यू या पद्धतीने तेच ५० बिट ठेवून त्यांना पडताळणीचे २४ बिट जोडले. आता खरखरीने ही चाळणी पार करण्याची शक्यता एका खेपेस एक कोटी सदुसष्ट लाखांत एक. अर्थात संगणक एका रात्रीत हजारो खेपा करतो, तेव्हा त्या आकड्याला खेपांच्या संख्येने गुणले पाहिजे. ते गुणूनही हिशेब बरा उरतो. अर्ध्या तासाच्या संदेशात ही पद्धत सुमारे उणे ४५ डेसिबलपर्यंत उतरते, म्हणजे नेहमीच्या २५०० हर्ट्‌झ रुंदीत खरखर संकेताच्या तीसेक हजार पट असली तरी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला जुन्या तारवाल्यांचा: संगणकाने उकलले, मग माणसाने ऐकले कुठे? कसलेल्या तारवाल्याचा कान गोंगाटातून अक्षर उचलतो ही कला होती, आणि ती जात आहे याची हळहळ खरी आहे. पण कला आणि पुरावा यांची गल्लत नको. कसलेला कान अपुऱ्या अक्षरांवरून शब्द पुरा करतो, तेच त्याचे कसब. आणि क्षीण संकेताच्या दाव्यात नेमका तोच भाग आपल्याला वजा करायचा असतो. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. तो म्हणतो, आधीचे ज्ञान वापरणे ही फसवणूक ठरवाल तर कोणतेच ऐकणे शिल्लक राहणार नाही. वारंवारता ठाऊक असते, वेळ ठाऊक असते, सांकेतिक पद्धत ठाऊक असते. ‘पुणे’ हा शब्द खरखरीतही कळतो कारण आपण तो आधी जाणतो. हा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी आधीच्या ज्ञानाला बंदी घालत नाही. ते मोजा आणि वजा करा, एवढेच. टेलर यांच्याच जेटी६५ पद्धतीत एक सोय होती: मिळालेला संकेत माहितीतल्या कॉलसाइनच्या यादीशी ताडून पाहायचा. त्यामुळे आणखी क्षीण संकेत उकलू लागले आणि मोठा वाद झाला, हे ऐकणे खरे की खोटे? दोन्ही बाजूंनी प्रश्न चुकीचा मांडला, असे मला वाटते. यादीत हजार नावे असतील तर संकेताने ठरवले ते हजारातले एक, म्हणजे दहा बिट. त्याला दहा बिटांचे ऐकणे म्हणा आणि पूर्ण संदेशाचे प्रमाणपत्र मागू नका. यादीत एकच नाव असेल तर शून्य बिट. तो १९०१ चा ‘एस’ झाला.

याच वाटेचे टोक ८.२७ किलोहर्ट्‌झवर सापडते. आंतरराष्ट्रीय वाटपाचा तक्ता ८.३ किलोहर्ट्‌झपासून सुरू होतो. त्याखाली कुणाची मालकी नाही आणि काही देशांत हौशींना तिथे मोकळीक आहे. इथे लहर ३६ किलोमीटर लांब. अंगणातल्या खांबातून निघणारी शक्ती वॅटमध्ये मोजण्यात अर्थ नाही, ती मायक्रोवॅटच्या पातळीवर असते. पाठवणारा आणि ऐकणारा दोघेही उपग्रहांच्या घड्याळाला बांधलेले, आणि काही अक्षरांचा संदेश तासन्‌तास चालतो, लहरीची कला (फेज) न मोडता. त्यात पडताळणीचे बिट पेरलेले असतात आणि उकलणारा सहसा सांगतो की एवढ्या पर्यायांतून हा निवडला गेला, चुकण्याची शक्यता एवढी. याच तंत्राने अटलांटिकपार संदेश पोचले आहेत. मार्कोनीच्या केंद्राची शक्ती किलोवॅटमध्ये होती. तिच्या कोट्यवधीतल्या एका अंशाने केलेला हा दावा मला १९०१ च्या दाव्यापेक्षा भक्कम वाटतो, आणि तो का वाटतो हे आकड्यात सांगता येते.

आता व्यवहारी प्रश्न: रात्रभर जागून पन्नास बिट मिळवले, उपयोग काय? संदेशवहन म्हणून काहीही नाही. पोस्टकार्ड जास्त सांगते. पण साठ ते नव्वद किलोमीटरचा तो ‘डी’ थर मोजायला फार अवघड आहे. हवामानाचे फुगे तीस-पस्तीस किलोमीटरच्या पुढे जात नाहीत, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत, आणि अग्निबाण तिथून काही मिनिटांत निघून जातो. दीर्घलहर मात्र याच थराला टेकून जगभर फिरते, आणि तिच्या नोंदींत सूर्यावरच्या स्फोटांचा, ऋतूंचा, पहाट-संध्याकाळचा ठसा उतरतो. हौशींच्या नोंदी तरीही जपून वापरायला हव्यात. केंद्रे जिथे माणसे राहतात तिथेच दाटलेली, समुद्र आणि आफ्रिका जवळपास कोऱ्या. शेरा दिला जातो तो स्वतःच्या खरखरीच्या तुलनेत, आणि शेजाऱ्याने नवा दिवा लावला की आयनांबर न बदलताही शेरा बदलतो. ‘ऐकले’ सिद्ध करायला पडताळणीचे बिट आहेत. ‘ऐकले नाही’ याचा अर्थ लावायला काय आहे? एक जुनी सवय इथे उपयोगी पडते. जर्मनीत १३८.८३ किलोहर्ट्‌झवर वीजजाळ्याला आज्ञा देणारे डीसीएफ३९ हे जबरदस्त केंद्र आहे, हौशी पट्ट्याच्या अगदी उंबऱ्याशी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे हौशी संध्याकाळी आधी त्याचा जोर पाहतात. तो जोर आणि स्वतःच्या खरखरीची पातळी प्रत्येक नोंदीसोबत लिहून ठेवली, तर कोऱ्या रात्रीही वाचता येतात: डीसीएफ३९ सुद्धा पडले असेल तर थर बदलला, ते नेहमीसारखे असेल आणि खरखर चढलेली असेल तर कारण गल्लीत शोधायचे, आणि दोन्ही नेहमीसारखे असतील तर पलीकडच्या टोकाला विचारायचे की त्या रात्री एरियलवर बर्फ तर साचला नव्हता ना.